चौकीचा रोजनामचा : वेबवरच्या फिरत्या जाहिरातींची गोष्ट



इंदूरहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं. त्या लिहितात, "कर्नलसाहेब, असईच्या लढाईवरचा भाग आवडला, पण सुरुवातीलाच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. तुम्ही तेलाचा धंदा सुरू केलात की काय?" नाही बाई, केला नाही. तोच भाग बडोद्याच्या माझ्या एका मित्राने पाहिला, तर त्याला फ्लॅटची जाहिरात दिसली. हैदराबादला माझ्या सूनबाईने पाहिला, तर तिला डायपरची. आणि घरात खरोखरच चार महिन्यांची नात आहे. व्याख्यान एकच, बोलणारा एकच, जाहिराती तीन. त्या मी निवडलेल्या नाहीत, मला त्या दिसतही नाहीत. मग कुणी निवडल्या? कुठून आल्या? ही रीत कधी सुरू झाली?

हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आपण एरवी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या मोहिमांवर बोलतो. ही मोहीम जेमतेम तीस वर्षांची आहे, म्हणून तिला कुणी इतिहास म्हणत नाही. पण तिच्या तारखा आहेत, माणसं आहेत, आणि जिथे रस्ता दुसरीकडे वळू शकला असता असे एक-दोन क्षणही आहेत. आज त्यावर बोलू. पुस्तकात वाचणाऱ्यांना मध्येच जाहिरात लागणार नाही, एवढी त्यांची सोय आहे.

सुरुवात २७ ऑक्टोबर १९९४ पासून करू. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 'वायर्ड' नावाचं मासिक निघत होतं. त्याच मंडळींनी त्या दिवशी 'हॉटवायर्ड' ही वेबसाइट सुरू केली. पगार द्यायचे, तर पैसा हवा. वाचकाकडून वर्गणी घ्यायची सोय तेव्हा धड नव्हती. म्हणून मासिकात जशी पानाची जागा विकतात तशी त्यांनी पडद्यावरची एक आडवी पट्टी विकायला काढली. टेलिफोनवाल्या एटी अँड टी कंपनीने तिथे काळ्या पट्टीवर रंगीत अक्षरांत साधारण असा मजकूर दिला : इथे कधी माउस दाबून पाहिलात का? दाबाल. बस्स. कंपनीचं नावसुद्धा नाही. दाबलं की जगातल्या कलासंग्रहालयांची सफर घडवणारं पान उघडायचं. पाहणाऱ्या शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी ती पट्टी दाबली, असं सांगितलं जातं. आज शंभरात एकाने दाबली तरी जाहिरातवाले पेढे वाटतील. तेव्हाच्या लोकांना हा प्रकारच नवा होता, आणि नव्या दाराची कडी प्रत्येक जण एकदा वाजवून पाहतो.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पट्टी म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात होती. तीन महिन्यांचे पैसे घेतले, चित्र पानात चिकटवलं. जो येईल त्याला तेच चित्र. किती आले, कोण आले, एकच माणूस दहा वेळा आला की दहा वेगळे आले, याचा पत्ता जाहिरातदाराला नाही. भिंतीला डोळे नव्हते. फिरती जाहिरात आली आणि भिंतीला डोळे फुटले. ते कसे फुटले, हे समजायला वेबचं पान कसं तयार होतं ते पाहावं लागेल. तांत्रिक आहे, पण अवघड नाही. माझ्यासारख्या पायदळवाल्याला समजलं, तर तुम्हाला समजेलच.

वेबचं पान छापलेल्या कागदासारखं तयार येत नाही. ते हुकमाच्या यादीसारखं असतं : इथे हा मजकूर लाव, इथे ते चित्र लाव, चित्र अमक्या पत्त्यावर मिळेल. तुमच्या संगणकातला ब्राउझर ही यादी वाचतो आणि एकेक वस्तू स्वतः जाऊन घेऊन येतो. तो पत्ता त्याच वेबसाइटचा असला पाहिजे, असं बंधन नाही. समजा, तुम्ही माझ्याकडे जेवायला आलात. पानात भात-आमटी आमची. पण लोणचं हवं, तर मी म्हणतो, "शेजारच्या घरी जा आणि घेऊन या." मी आणून वाढत नाही, तुम्हालाच पाठवतो. शेजारी तुम्हाला लोणचं देतो, आणि देताना तुमचा चेहरा पाहतो. तुम्ही कुणाकडून आलात हेही त्याला कळतं, कारण लोणचं मागताना ब्राउझर बहुधा कुठल्या वेबसाइटवरून आलो ते सांगतो. आता हाच शेजारी गावातल्या हजार घरांना लोणचं पुरवत असेल, तर?

१९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत हा शेजारी जन्माला आला.

जाहिरातदाराची अडचण खरी होती. पन्नास वेबसाइटवर चित्रं द्यायची, तर पन्नास ठिकाणी चित्रं पाठवा, बदलायचं झालं तर पन्नास पत्रं लिहा, आणि शेवटी पन्नास जण आपापला हिशोब देणार. त्यातला खरा कुठला? वेबवरच्या जाहिरातीचा दर हजार वेळा दाखवल्यामागे ठरत असे. आपलंच माप, आपलाच काटा आणि आपलीच वही असली की दुकानदार उदार होतो, हे काही फक्त आपल्याकडेच घडत नाही. कॅलिफोर्नियातल्या फोकालिंक या कंपनीने १९९५ मध्ये यावर मध्यवर्ती कोठाराचा तोडगा काढला. चित्रं एका जागी ठेवायची, वेबसाइटांनी पानात फक्त त्या कोठाराचा पत्ता लिहायचा. मागणी येईल तेव्हा कोणतं चित्र द्यायचं हे कोठार ठरवेल आणि वहीत नोंद करेल. चित्र बदलायचं, तर एकाच ठिकाणी बदला. हिशोबही एकच. नेटग्रॅव्हिटी या दुसऱ्या कंपनीने जानेवारी १९९६ मध्ये उलटा मार्ग धरला : आमचा प्रोग्रॅम विकत घ्या आणि तुमच्याच संगणकावर चालवा. म्हणजे प्रत्येक घराचं लोणचं घरचंच.

फौजेत हा वाद जुना आहे. रसद मध्यवर्ती डेपोतून द्यायची की प्रत्येक पलटणीने आपली सोय आपण करायची? डेपो स्वस्त पडतो, नीटनेटका असतो. पण कुठल्या पलटणीत किती माणसं आहेत आणि ती कधी हलणार, हे डेपोच्या कारकुनाला आपोआप कळतं. शिध्याच्या मागणीपत्रावरून शत्रूच्या हालचालींचा अंदाज बांधणं हा हेरगिरीतला जुना प्रकार आहे. जाहिरातींच्या बाबतीतही शेवटी डेपोच जिंकला. १९९९ मध्ये नेटग्रॅव्हिटीला डबलक्लिकनेच विकत घेतलं. डबलक्लिककडे येतोच.

त्याआधी एका प्रयोगाबद्दल थोडं सांगतो, कारण मला तो मनापासून आवडतो. टोनी शे आणि संजय मदान हे हार्वर्डहून शिकून बाहेर पडलेले दोन तरुण. ओरॅकलमधली नोकरी सोडून त्यांनी १९९६ मध्ये लिंकएक्स्चेंज सुरू केलं. आपल्याकडे शेतकरी सावड करतात ना, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, तीच ही कल्पना. कुणी मांजरांवर वेबसाइट काढली आहे, कुणी गिटारवर, कुणी आपल्या गावावर. जाहिरातीला पैसे कुणाकडेच नाहीत. तर तुमच्या पानावर दुसऱ्यांच्या पट्ट्या दोनदा दाखवा, त्या बदल्यात तुमची पट्टी दुसरीकडे कुठेतरी एकदा दाखवली जाईल. उरलेल्या एका जागेचं काय? ती लिंकएक्स्चेंज स्वतःकडे ठेवायचं आणि पैसे देणाऱ्या जाहिरातदाराला विकायचं. सावडीतला हा जाणता गडी अर्धं पीक घेऊन जाई, असं म्हणा हवं तर. पण लहान माणसाला अनोळखी गावात आपली पाटी लावायला मिळत होती आणि व्यवहार सरळ होता : तू जागा दे, मी जागा देतो. दोन-अडीच वर्षांत लाखो वेबसाइट त्यात आल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा कारभार २६.५ कोटी डॉलरला विकत घेतला. पुढे टोनी शे चपला-बूट विकणाऱ्या झॅपोसमुळे नावारूपाला आले, आणि २०२० मध्ये गेले.

आता मुख्य लढाई.

भिंतीला डोळे आले, पण डोळ्यांना स्मरणशक्ती नव्हती. शेजाऱ्याने चेहरा पाहिला, तरी उद्या तोच माणूस आला तर तो ओळखायचा कसा? वेबची मूळ रचनाच विसराळू आहे, प्रत्येक मागणी नवी. नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाचा तरुण अभियंता होता. दुकानाच्या वेबसाइटवर तुम्ही दोन वस्तू टोपलीत टाकता आणि पान बदललं की टोपली रिकामी होते, असल्या अडचणीवर त्याने १९९४ मध्ये उपाय काढला. त्याचं नाव कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला टोकन मिळतं, तसंच हे. वेबसाइट ब्राउझरला एक क्रमांक देते, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुन्हा तिथे गेला की दाखवतो. माँटुलीने त्यात एक काळजी मुद्दाम घेतली होती. प्रत्येक ब्राउझरला जगभर चालणारा एकच कायमचा क्रमांक देणं सोपं होतं. त्याने ते टाळलं. एका देवळाचं टोकन दुसऱ्या देवळात दाखवायचं नाही. ज्याने दिलं, त्यालाच ते दिसणार.

बंदोबस्त चांगला होता. पण लोणच्याचा शेजारी विसरला गेला. तोही टोकन देऊ शकत होता. हजार घरांतून येणाऱ्या पाहुण्यांना तो एकच आपलं टोकन देणार, आणि ते त्याच्या दारात प्रत्येक वेळी चालणार. सकाळी तुम्ही वर्तमानपत्र वाचलंत, दुपारी मधुमेहाची माहिती, संध्याकाळी नोकरीच्या जागा. वर्तमानपत्राला तुमची फक्त सकाळ माहीत, आरोग्याच्या वेबसाइटला फक्त दुपार. शेजाऱ्याला तुमचा पूर्ण दिवस माहीत.

सीमेवर ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको. प्रत्येक चौकीत रोजनामचा असतो. इतक्या वाजता मेंढ्या घेऊन दोन गुराखी गेले, इतक्या वाजता एक खेचरवाला आला. त्या एका नोंदीला काही अर्थ नसतो, आणि लिहिणाऱ्या शिपायाला ती कंटाळवाणीच वाटते. पण पाच चौक्यांचे रोजनामचे एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की तो खेचरवाला कुठून निघाला, कुठे थांबला आणि कुठे पोहोचलाच नाही, हे दिसू लागतं. टेहळणीचं खरं काम चौकीवर होत नाही, ते त्या टेबलावर होतं. जाहिरातीच्या मध्यवर्ती कोठाराने वेबला असं टेबल मिळवून दिलं. जाहिरातीचं चित्र हे चौकी उभारायचं निमित्त ठरलं. पुढे तर चित्राचीही गरज राहिली नाही. कुणाला दिसणार नाही असा एक ठिपका पानात ठेवला, तरी तो आणायला ब्राउझर कोठाराच्या दारात जातोच.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, असं नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने कुकीवर लिहिलं, तेव्हा सामान्य वाचकाला प्रथम कळलं की आपल्या संगणकात असं काही ठेवलं जातंय. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी अभियंत्यांची एक संस्था आहे. तिने फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचा नियम लिहून काढला. लिहिणाऱ्या दोघांत माँटुली स्वतः होता. दुसरे बेल लॅब्सचे डेव्हिड क्रिस्टॉल. त्यात हा शेजारी बरोबर पकडला होता. ज्या वेबसाइटवर माणूस स्वतःहून गेलेला नाही, तिची कुकी ब्राउझरने आपोआप घेऊ नये. कुणाला घ्यायचीच असेल, तर त्याने ते बटण स्वतः चालू करावं. मुळात मात्र ते बंद असावं.

मंडळी, 'मुळात बंद' या दोन शब्दांवर तीस वर्षांचा इतिहास अडकलेला आहे. घरातल्या टीव्हीच्या किती सेटिंग तुम्ही बदलल्या आहेत? जे मुळात चालू असतं ते चालू राहतं, जे बंद असतं ते बंदच राहतं. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांचेही ब्राउझर तेव्हा एकमेकांशी जिवावर उदार होऊन लढत होते. दोघांनीही ही शिफारस बाजूला ठेवली आणि बटण मुळात चालूच ठेवलं. माँटुलीने पुढे आपली बाजू मांडली : कुकी निदान दिसते, पुसता येते, ती बंद केली असती, तर जाहिरातवाल्यांनी न दिसणारा दुसरा मार्ग काढला असता. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण चोर खिडकीतून येईल म्हणून दार उघडं ठेवणं मला पटत नाही.

त्या उघड्या दारातून सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या पावलांनी आत आली ती डबलक्लिक. केव्हिन ओ'कॉनर आणि ड्वाइट मेरिमन या दोघांनी अटलांटात बांधणी केली आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बस्तान बसवलं. बंगळुरू-हैदराबादच्या सॉफ्टवेअरवाल्या श्रोत्यांना मोंगोडीबी ठाऊक असेल, ती काढणाऱ्यांत पुढे हेच मेरिमन होते. डबलक्लिकच्या यंत्रणेचं नाव डार्ट. ती चित्रं फिरवायची, म्हणजे नुसती पत्त्यांसारखी पिसायची नाही. या माणसाला ही पट्टी तीनदा दाखवून झाली, त्याने दाबली नाही, आता दुसरी दाखव. हा विद्यापीठातून आलाय, त्याला पुस्तकांची दाखव. न्यूयॉर्कमध्ये रात्र आहे, तिथे जेवणाची नको. पाहणाऱ्याला वाटे, चित्र सहज बदललं. सहज काही नसे.

तरीही टोकनावर नाव नव्हतं. क्रमांक एवढे एवढे, एवढंच. डबलक्लिकचं म्हणणंही तेच होतं, आम्हाला माणूस माहीत नाही, ब्राउझर माहीत आहे. मग १९९९ मध्ये त्यांनी अ‍ॅबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. सौदा पुरा होईतो त्याची किंमत सुमारे १७० कोटी डॉलर झाली होती. अ‍ॅबॅकसकडे काय होतं? अमेरिकेत घरपोच कॅटलॉग पाहून टपालाने वस्तू मागवायची जुनी पद्धत होती. तशा खरेदीच्या नोंदी, नाव-पत्त्यासकट, जवळजवळ नऊ कोटी कुटुंबांच्या. इकडे क्रमांकांचा रोजनामचा, तिकडे नावांची वही. दोन्ही वह्या शिवायचा बेत उघड झाला आणि अमेरिका खवळली. फेब्रुवारी २००० मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने चौकशी सुरू केल्याची बातमी आली, शेअर घसरला. मार्चमध्ये ओ'कॉनर यांनी जाहीर माघार घेतली : सरकार आणि उद्योग मिळून नियम ठरवीपर्यंत नावं आणि निनावी नोंदी जोडणं चूक होतं, आम्ही ते करणार नाही. जानेवारी २००१ मध्ये आयोगाने चौकशी बंद केली. तोवर इंटरनेट कंपन्यांचा फुगाच फुटला होता, आणि फुटलेल्या फुग्याशी कोण भांडतो?

या काळात आपण कुठे होतो? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ ला. मुंबईहून रेडिफ १९९६ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या पानांवरही पट्ट्या आल्या. माझ्या आठवणीतलं इंटरनेट म्हणजे २००० च्या आसपास छावणीच्या बाजारातला सायबर कॅफे. प्लायवूडची खोकी, तासाचे पैसे, आणि फोनची लाइन मिळेपर्यंत मोडेमचा तो घशात अडकल्यासारखा आवाज. जवान सुटीआधी रेल्वेची माहिती शोधायचे. पान उघडताना वरची पट्टी आधी यायची, त्यात एक माकड इकडून तिकडे उड्या मारायचं, त्याला ठोसा मारा आणि बक्षीस जिंका. बातमी मागून सावकाश, ओळीओळीने. पैसे मिनिटाचे, आणि त्यातली कितीतरी मिनिटं माकड खाऊन जायचं. तेव्हा आम्ही हसायचो. त्या पट्टीमागे सातासमुद्रापार कुणी वही लिहितंय, हे त्या खोक्यात बसलेल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढची वर्षं भराभर उरकतो, कारण त्यांत मुख्यतः खरेदी-विक्री आहे. एप्रिल २००७ मध्ये गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, मार्च २००८ मध्ये ताबा मिळाला. २००७ मध्येच मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्वान्टिव्ह ही दुसरी जाहिरात कंपनी सहाशे कोटी डॉलरला घेतली आणि पाच वर्षांनी जवळजवळ सगळी रक्कम बुडीत लिहिली. आपल्याकडची माणसंही या धंद्यात अग्रभागी होती. २००६ मध्ये सुरू झालेल्या पबमॅटिकचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. २०२० मध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात गेली. मुंबईच्या दिव्यांक तुरखियांची मीडिया डॉट नेट २०१६ मध्ये सुमारे नव्वद कोटी डॉलरला विकली गेली. म्हणजे तुम्ही चेन्नईत बसून मराठी बातमी उघडता तेव्हा वर कुठली पट्टी येणार, याचा हिशोब करणाऱ्या यंत्रणेतला काही भाग पुण्यातल्या पोरांनी लिहिलेला असू शकतो.

मात्र २००९ च्या सुमारास एक बदल झाला, त्यावर थांबायला हवं. कोठाराने चित्र निवडण्याऐवजी जागेचा लिलाव सुरू झाला, आणि तोही प्रत्येक पानासाठी, प्रत्येक माणसासाठी, दर वेळी नव्याने. आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत. बोली फक्त दोघांना कळे, आजूबाजूला उभ्या असलेल्यांना नाही. हा लिलावही तसाच झाकलेला. तुम्ही पान उघडता, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात बोल्या लागतात, जिंकणाऱ्याची पट्टी झळकते. पण एक फरक आहे. रुमालाखालच्या सौद्यात बैल दाखवला जाई. इथे दाखवले जाता तुम्ही. कुठलं पान, कुठला फोन, बऱ्याचदा फोन कुठे आहे तेही, अशी सगळी माहिती बोली लावायला बसलेल्या प्रत्येकाकडे जाते. जिंकतो एक, पण हरलेल्यांच्या हातातही माहितीचा कागद राहतोच. काही जण लिलावात खरेदीसाठी बसतच नाहीत, कागद गोळा करायला बसतात.

दारातून माहिती बाहेर जाते, तसं काही आतही येतं. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटवर एका इंटरनेट टेलिफोन कंपनीच्या नावाने जागा घेतली गेली. आठवडाभर जाहिरात सभ्यपणे चालली. शनिवार-रविवार आला, आणि त्याच जागेतून 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, हे औषध घ्या' अशी खोटी घबराट वाचकांच्या पडद्यावर येऊ लागली. पहारा ढिला असतानाची वेळ साधायची, ओळखीचा वेश घ्यायचा. गनिमी कावा शिकवायला हे उदाहरण मी वर्गात बिनदिक्कत वापरलं असतं.

आता माझ्या पोटातला विषय. फौजी घरातल्या प्रत्येकाला '५६ एपीओ' हा पत्ता ठाऊक आहे. पूर्वेकडे असाल, तर '९९ एपीओ'. माझी आई वर्षानुवर्षं त्या पत्त्यावर पत्रं लिहीत होती. तिला युनिटचं नाव माहीत होतं. मुलगा कुठल्या डोंगरावर आहे, हे माहीत नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नाही. लष्करी टपालाची ती सारी व्यवस्थाच अशी, की पत्र पोहोचावं पण ठिकाण उघड होऊ नये. आता त्याच डोंगरावरच्या पोराच्या खिशात फोन आहे. त्यात फुकटचा लुडो आहे, हवामान सांगणारं काहीतरी आहे, टॉर्च आहे. त्यांच्या तळाशी पट्टी फिरते. पट्टी फिरण्याआधी लिलाव होतो, लिलावाआधी ठिकाण सांगितलं जातं.

ही कल्पनेची भरारी नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी फुटली, की अमेरिकेच्या विशेष दलांच्या कमांडने 'लोकेट एक्स' नावाची सेवा विकत घेतली होती. साध्यासुध्या अ‍ॅपमधून जमा झालेली फोनची ठिकाणं ती पुरवत असे. म्हणजे फौजेने बाजारातून टेहळणी विकत घेतली. मग २०२४ मध्ये चाक उलटं फिरलं. जर्मनीतल्या अमेरिकी तळांवर ये-जा करणाऱ्या फोनच्या नोंदी एका माहितीच्या व्यापाऱ्याकडून पत्रकारांच्या हाती आल्या : कोण कुठल्या फाटकातून आत जातं, सुटीच्या दिवशी कुठे जातं. जाहिरातीसाठी फोनला जो क्रमांक दिलेला असतो, त्या क्रमांकाने बांधलेल्या अब्जावधी नोंदी. ही बातमी देणाऱ्यांत जर्मन पत्रकारांबरोबर कोण होतं? वायर्ड. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली पट्टी विकली, तेच वायर्ड. आपल्या लष्कराने जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली, तेव्हा "सैनिकाला फेसबुकही नको का?" असा सूर काही जणांनी लावला होता. मला तो आदेश पूर्ण पटला होता. यादी थोडी मोठी असती, तरी चाललं असतं.

आणि तरीही मी या यंत्रणेला सरसकट शिव्या घालणार नाही. तंजावर, ग्वाल्हेर, सुरत, जिथे मराठी वर्तमानपत्र दाराशी येत नाही, तिथे तुम्ही ते फुकट वाचता ते याच पट्ट्यांच्या जोरावर. ही व्याख्यानंही तुम्ही फुकट पाहता. वर्गणी लावली, तर अर्धे श्रोते राहतील. ते मला परवडेल, पण ज्यांना परवडत नाही तेच नेमके जातील. माझा आक्षेप पट्टीवर नाही, वहीवर आहे. मांजरांच्या वेबसाइटवर मांजराच्या खाण्याची जाहिरात लावायला मांजरवाल्याचा गाव, आजार आणि पगार माहीत असावा लागत नाही. हॉटवायर्डच्या पहिल्या पट्टीला काहीच माहीत नव्हतं, तरी शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी ती दाबली होती.

सध्याची स्थिती सांगतो आणि थांबतो. 'मुळात बंद' हे दोन शब्द परत आले, पण बावीस-तेवीस वर्षांनी. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या शेजाऱ्यांच्या कुकी मुळात बंद केल्या. अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये शेजाऱ्याच्या सगळ्याच बंद केल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, क्रोममध्येही दोन वर्षांत बंद करू. मग तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला. भारतात २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. आणि १७ एप्रिल २०२५ ला अमेरिकेत व्हर्जिनियाच्या न्यायालयात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला, की वेबसाइटांना जाहिरात पुरवणारं यंत्र आणि जाहिरातींच्या लिलावाची जागा, या दोन्हींवर गूगलने बेकायदा मक्तेदारी बसवली. त्यातलं पहिलं यंत्र म्हणजे डबलक्लिकच्या त्या डार्टचाच वारस.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेला लागू. विषय आहे पानिपतची रसद : दिल्ली हाती आल्यावरही भाऊसाहेबांच्या छावणीत धान्य का पुरलं नाही. नकाशा जवळ ठेवा.